फेरफाराचा निकाल विरोधात गेला? प्रांतापासून कोल्हापूरच्या हायकोर्टापर्यंत कसं जायचं

१७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचं, उद्घाटन झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. म्हणून फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीचा, तहसीलदारांचा निकाल घेऊन थेट तिथे जाता येतं असं नाही. अंतर कमी झालं, पायऱ्या तेवढ्याच आहेत. कायद्यात अपिलाची सोय असताना ती टाळून आलेल्याला न्यायालय बहुधा परत पाठवतं.

उदाहरण म्हणून करवीर तालुक्यातली एक वारसनोंद घ्या. वडील गेले, भावांनी फेरफार घातला, बहिणीचं नाव गाळलं. तिने हरकत घेतली, पण नोंद भावांच्या बाजूने कायम झाली.

पहिलं काम नकलेचं. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज टाका. सोबत रोजनामा (प्रकरणात कोणत्या तारखेला काय झालं याची नोंद), नोटिसा आणि त्यांच्या बजावणीचे कागदही मागा. अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नक्कल मिळाली की तिच्यावरच्या तारखा बघा: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी पडली. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, म्हणून तो कागद फाटू देऊ नका.

मुदत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० मध्ये आहे. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवस, एरवी ९० दिवस. उशीर झालाच तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्या. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. 'कायद्याचं ज्ञान नव्हतं' एवढ्यावर भिस्त ठेवू नका.

आता अपील. मंडल अधिकारी किंवा तहसीलदारांच्या निकालावर ते प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं. खरी लढाई इथे होते, आणि बहुतेक जण नेमकं हेच अपील स्टॅम्प लावलेल्या तक्रार अर्जासारखं लिहून मोकळे होतात. 'माझ्यावर घोर अन्याय झाला आहे' या वाक्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी असं लिहा: 'कलम १५०(२) प्रमाणे नोटीस मला बजावलेली नाही, रोजनाम्यात बजावणीची नोंद नाही. मयतांची मुलगी असल्याचा शाळेचा दाखला दाखल असूनही निकालात त्याचा उल्लेख नाही.' एक मुद्दा, त्याखाली एक कागद. कारण पुढे हायकोर्ट साधारणपणे नव्याने पुरावा घेत नाही. खालच्या अधिकाऱ्याने काय बघितलं आणि काय डोळ्याआड केलं, ते तपासतं. प्रांतांपुढे न दिलेला कागद तिथे काढलात तर 'हा आधी कुठे होता?' हा प्रश्न येणारच.

स्थगितीचा अर्ज वेगळा द्या. नुसतं अपील दाखल केल्याने खालचा आदेश थांबत नाही. तेवढ्या काळात जमीन विकली गेली तर नवा खरेदीदारही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्षकार, होतो आणि प्रकरण लांबतं.

प्रांतांचाही निकाल विरोधात गेला तर अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे दुसरं अपील, त्यानंतर कलम २५७ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून निकालाची फेरतपासणी. दुसऱ्या अपिलाला मुदत आणि नकलेचे नियम तेच.

त्यानंतर हायकोर्ट. संविधानाच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली रिट याचिका, म्हणजे अधिकाऱ्याचा आदेश तपासून रद्द करावा अशी हायकोर्टाला केलेली मागणी. अपिलासारखी ठरावीक मुदत इथे नाही. तरी विनाकारण थांबाल तर तो उशीरच अंगावर येतो. याचिका इंग्रजीत असते, तेव्हा वकिलांना सगळे निकाल तारखेच्या क्रमाने लावून द्या, त्यांचा निम्मा त्रास वाचतो. मधली पायरी सोडून थेट येण्याची मुभा मोजक्या प्रसंगी मिळते: अधिकाऱ्याला अधिकारच नव्हता, म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, मूलभूत हक्कावर गदा आली, किंवा मूळ कायद्यालाच आव्हान आहे.

एक गोष्ट वकील कधी कधी उशिरा सांगतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती नोंद महसुलासाठी असते. बहिणीला हिस्साच हवा असेल तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो. तो रिट संपेपर्यंत थांबवू नका.

खर्चाची अडचण असेल तर कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो.

निकाल बाजूने लागला तरी तो सातबाऱ्यावर आपोआप चढत नाही. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत जोडून तहसीलदारांकडे नोंदीसाठी अर्ज करा, पुन्हा आवक शिक्का घ्या, आणि महिन्याभराने नवा सातबारा काढून नाव बघा.