‘मी’ कुठून आला? वीस वाक्यांत माग काढण्याची पद्धत

स्वतःबद्दलची आपली मतं कुठून आली हे शोधायला दोन कोरे कागद, पेन आणि घड्याळ एवढंच लागतं. मोबाइलवर लिहू नका. तिथे खोडलेलं दिसत नाही, आणि या कामात खोडलेलं फार बोलकं असतं.

पहिल्या कागदावर 1 ते 20 आकडे घाला आणि प्रत्येकापुढे ‘मी’ने सुरू होणारं एक वाक्य लिहा. प्रश्न एकच: ‘मी कोण?’ वेळ 12 मिनिटं. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये ही चाचणी मांडली, तेव्हा त्यांनीही एवढाच वेळ दिला होता. उत्तरं स्वतःला देतोय अशीच द्यायची, दुसऱ्या कुणाला नव्हे. सुचेल त्या क्रमाने लिहायचं, महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय ते नंतर बघू.

गाडी अडते ती साधारण निम्म्या वाटेवर. सुरुवातीला नाती, काम, शिक्षण भराभर उतरतं आणि मग पेन थांबतं. तिथे उठू नका. कून-मॅकपार्टलंड यांनाही हेच आढळलं होतं: माणसं आधी कुणालाही पडताळता येतील अशा ओळखी संपवतात आणि मगच ‘मी आळशी आहे’, ‘मी कंटाळवाणा आहे’ अशांकडे वळतात. आपल्याला हवा तो ऐवज या दुसऱ्या ढिगात असतो. दुसरी चूक म्हणजे कागद कुणाला तरी दाखवायचा असं आधीच ठरवणं. मग वीसच्या वीस वाक्यं त्या एका वाचकासाठी लिहिली जातात.

आता प्रत्येक वाक्यापुढे खूण करा. नातं, काम, गट यांतून आलेल्या वाक्याला ‘ग’. स्वभाव किंवा कुवत सांगणाऱ्याला ‘स्व’. शरीराबद्दलच्या वाक्याला ‘श’. कुठेच न बसणारी (‘मी या विश्वाचा कण आहे’ छापाची) बाजूला ठेवा, त्यांतून फारसं हाती लागत नाही.

‘स्व’ची वाक्यं एकेक करून घ्या आणि पुढे लिहा: कुणाच्या तुलनेत? ‘मी संथ आहे’ हे वाक्य एकट्याने उभं राहू शकत नाही, कारण त्यात कुणीतरी वेगवान माणूस लपलेला असतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडलं होतं की, मोजायला वस्तुनिष्ठ पट्टी नसली की आपण स्वतःला दुसऱ्या माणसांवर मोजतो, त्यातही आपल्यासारख्याच वाटणाऱ्यांवर. म्हणून नाव लिहा, निदान ठिकाण तरी: भावंडं, वर्गातला पहिला बाक, जुन्या नोकरीतले सहकारी. ज्या लोकांशी तुलना करून मत बनलं ते लोक आता रोजच्या जगण्यात नसतील, तर त्या वाक्याला गोल करा. पट्टी गेली, माप राहिलं. गोल केलेली वाक्यं तपासायला सगळ्यात आधी घ्या.

शेजारी आणखी एक रकाना आखा: हे पहिल्यांदा कोण म्हणालं, कोणत्या शब्दांत, आणि अजून कोण म्हणतं? आठवत नसेल तर सरळ प्रश्नचिन्ह टाका. स्मृती मोकळी जागा खुशाल भरून काढते, आणि ओढूनताणून शोधलेला ‘दोषी’ बहुतेकदा खोटा निघतो.

यापुढचा टप्पा खरा कस लावणारा. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यांनी 1902 मध्ये ‘आरशातला स्व’ ही कल्पना मांडली. तिचे तीन भाग आहेत: मी समोरच्याला कसा दिसतो याची माझी कल्पना, त्याने त्यावर काय मत बनवलं असेल याची माझी कल्पना, आणि त्यातून मला वाटणारा अभिमान किंवा लाज. यांत समोरच्याचं खरं मत कुठेच नाही, दोन्ही वेळा कल्पना आपलीच. म्हणून दुसऱ्या कागदावर खुपणारी तीनच वाक्यं घ्या. प्रत्येकाखाली हे तीन भाग एकेका ओळीत लिहा आणि चौथी ओळ जोडा: ‘मी प्रत्यक्ष काय पाहिलं किंवा ऐकलं?’ चौथ्या ओळीत फक्त शब्द आणि कृती येतील. ‘त्यांना कंटाळा आला’ चालणार नाही, ‘त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं’ चालेल. ही ओळ कोरीच राहिली तर ती तशीच राहू द्या.

आपल्याकडे किती लक्ष जातं याचा अंदाजही आपण फुगवूनच करतो. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांना तो दिसला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता.

मग विचारायला जा. तीन ते पाच माणसं पुरतात, पण ती एकाच गोतावळ्यातली नकोत. एखादा पाच वर्षांहून जुना ओळखीचा आणि एखादा वर्षभराच्या आतला असावा. ‘मी कसा वाटतो?’ असं विचाराल तर सौजन्य मिळेल, माहिती नाही. ‘परवाच्या बैठकीत मी गप्प होतो, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असा प्रसंग धरून विचारा, आणि उत्तर मिळालं की खुलासा करत बसू नका. एकाच माणसाच्या उत्तरावरही विसंबू नका. लोक एकंदरीत आपल्याला कसे पाहतात याचा अंदाज आपल्याला बरा असतो. अमुक एक माणूस इतरांपेक्षा वेगळं काय पाहतो हे ओळखण्यात आपण बरेच कच्चे असतो. डेव्हिड केनी आणि बेला डीपॉलो यांनी 1993 मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेऊन हेच दाखवलं.

पंधरा दिवसांनी चाचणी पुन्हा करा, पण वेगळ्या जागी आणि थोडा बदल करून: दहा वाक्यं ‘घरी मी…’ने, दहा ‘कामावर मी…’ने. हा बदल क्षुल्लक नाही. स्टीव्हन कझिन्स यांच्या 1989 च्या अभ्यासात नुसत्या ‘मी कोण?’ला जपानी विद्यार्थ्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा स्वभावगुण कमी सांगितले. घर, शाळा असे संदर्भ दिल्यावर चित्र उलटं झालं. जागेचा परिणामही धरून चला. विल्यम मॅग्वायर यांच्या 1976 च्या अभ्यासात जन्मस्थान किंवा केसांचा रंग वर्गातल्या बहुसंख्यांपेक्षा वेगळा असलेली मुलं स्वतःबद्दल सांगताना तीच गोष्ट जास्त वेळा सांगत होती. ज्या घोळक्यात आपण वेगळे पडतो, तिथे ते वेगळेपणच ‘मी’ होऊन बसतं. दोन्ही यादींत तग धरलेली वाक्यं फार तर सहा-सात निघाली, तरी बिचकू नका. ‘खरा मी’ सगळ्या भूमिकांच्या तळाशी कुठेतरी पुरलेला आहे, अशा समजुतीने हे खणायला बसू नये. तसं काही हाती लागत नाही.

एखादं वाक्य बदलायचंच असेल तर आरशासमोर घोकून उपयोग नाही. विल्यम स्वान यांच्या संशोधनातून दिसतं की आपण आपल्या जुन्या मताला दुजोरा देणारी माणसं शोधतो, ते मत वाईट असलं तरीही. त्यामुळे जुन्या कंपूत नवं वागणं टिकत नाही. कुणी चेष्टा करतं, कुणी ‘आज काय झालंय तुला?’ विचारतं, आणि आपणही सुटल्यासारखे परत फिरतो. एक लहान नवा गट शोधा, जिथे तुमची जुनी ख्याती पोचलेली नाही. तिथे आठवड्यातून एकदा, निदान दोन महिने, एकच ठरावीक कृती करा. ‘आत्मविश्वास दाखवणं’ ही कृती नव्हे, ‘पहिला प्रश्न मी विचारणार’ ही कृती.

यादी लिहिताना सगळीच वाक्यं स्वतःला झोडपणारी येऊ लागली, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर कागद बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. त्या मनःस्थितीत ही पद्धत उलटते.

दोन्ही कागदांवर तारीख आणि लिहिण्याची जागा टाकून ते पाकिटात बंद करा. सहा महिन्यांनी तिसरी यादी लिहून होईपर्यंत पाकीट उघडू नका.