काड्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि न हलणारा त्रिकोण

फळ्यावर काढलेल्या घनाच्या मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवल्या, की अर्ध्या वर्गाचा गोंधळ उडतो. ‘बारा कडा’ हे उत्तर पाठ होतं, पण मोजून दाखव म्हटलं की बोट अडखळतं. काड्यांचा घन एकदा हातात आला की ही अडचण उरत नाही. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने (व्हॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळीने) काडेपेटीच्या काड्या जोडायची ही पद्धत खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांची. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांनी ती घडवली. चौथी-पाचवीच्या वर्गात दोन जोडतासिकांमध्ये ती आरामात बसते.

सामान. चार मुलांच्या गटाला ४० काड्या आणि दीड सेंटिमीटरचे ३० तुकडे पुरतात, म्हणजे गटामागे ४५ सेंटिमीटर ट्यूब. चाळीस मुलांच्या वर्गासाठी पाच मीटर घ्या. ट्यूब सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. घेताना ताणून पाहा. जुनी, कडक झालेली ट्यूब भोक पाडताच चिरते. काड्या लाकडाच्याच हव्यात, मेणाच्या वाकतात.

काड्यांचा गूल शिक्षकांनीच आदल्या दिवशी काढावा, मुलांना हे काम देऊ नका. कोरडा गूल खरवडताना पेट घेऊ शकतो. म्हणून टोकं दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, ओली असतानाच खरवडा आणि काड्या उन्हात वाळवा. मग सगळ्या काड्या एका लांबीच्या करा. यात आळस केला तर त्रिकोणाच्या बाजू समान होत नाहीत आणि घन तिरका उभा राहतो.

ट्यूब कापताना पट्टीवर सैल ठेवा. ताणून कापली की तुकडा आखडतो आणि आखूड भरतो.

साधा जोड. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी साधारण सहा मिलिमीटर आत सारा. मध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. सगळी गोम या जागेत आहे. काड्या एकमेकींना टेकल्या तर जोड वाकत नाही, आणि फार लांब राहिल्या तर लुळा पडतो. काडी आत जात नसेल तर टोकाला खडूची पूड लावा.

आधी त्रिकोण, चौकोन आणि पंचकोन करून घ्या. मग प्रत्येक आकार दोन बोटांत धरून दाबायला सांगा. चौकोन कलंडतो, पंचकोन तर कसाही होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. कारण लगेच सांगू नका. विचारा: चौकोनाला न हलणारा करायला काय करशील? बहुतेक मुलं समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाचवी काडी बसवू पाहतात आणि ती अपुरी पडते. ओढूनताणून बसवलीच, तर चौरस राहत नाही; दोन समभुज त्रिकोण चिकटलेला, दोन्ही बाजूंना टोकदार आकार मिळतो. इथे घाई करू नका, कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो हे मुलं हाताने शिकत असतात. मग खराट्याचा हीर द्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापून तोडायचा आणि दोऱ्याने बांधायचा. आता चौरस हलत नाही. छपराची कैची आणि विजेचा मनोरा मुलांनी पाहिलेले असतात. त्यातले त्रिकोण त्यांनाच शोधू द्या.

तीन काड्यांचा जोड. साध्या जोडाच्या मधल्या मोकळ्या जागेत कर्कटकाच्या टोकाने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडा, फक्त एका बाजूने. आरपार गेलं तर काडी पलीकडे निघते. तिसऱ्या काडीचं टोक फरशीवर घासून निमुळतं करा आणि भोकात बसवा. एवढ्या एका युक्तीवर तीन घनाकृती होतात:

- त्रिकोणाच्या तिन्ही जोडांना भोकं पाडून वरून तीन काड्यांचा एक जोड बसवला की त्रिकोणी सूची (६ काड्या, ४ जोड).
- दोन त्रिकोण तीन उभ्या काड्यांनी जोडले की त्रिकोणी चिती (९ काड्या, ६ जोड).
- दोन चौकोन चार उभ्या काड्यांनी जोडले की घन (१२ काड्या, ८ जोड).

घनाच्या कडा मोजताना मुलं एकच कडा दोनदा मोजतात. खालच्या चार, वरच्या चार, उभ्या चार असं मोजायला लावा. पृष्ठांचं अवघड जातं, कारण सांगाड्याला पृष्ठं दिसतच नाहीत. एका घनावर पतंगाचा कागद चिकटवून दाखवा. मग तक्ता करा: शिरोबिंदू, पृष्ठं, कडा. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज ८, ११ आणि १४ येते. कडा ६, ९ आणि १२. फरक दरवेळी दोनाचाच, हे मुलांना सापडू द्या.

सूची ताठ उभी राहते, चिती आणि घन डुगडुगतात. चितीला तीन हीर लागतात आणि घनाला सहा, प्रत्येक चौरस पृष्ठाला एक. आधी अंदाज लिहून घ्या, मग बांधू द्या.

साबणाचा पडदा. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच चमचे हलक्या हाताने मिसळा. फेस आला तर काढून टाका, बुडबुडा अडकला की आकार बिघडतो. अंगाचा साबण नको, बोअरच्या जड पाण्यात त्याचा साका होतो. सूचीच्या एका कोपऱ्याला दोरा बांधून ती पूर्ण बुडवा आणि सावकाश वर काढा. पडदे बाहेरच्या चार पृष्ठांवर बसतील असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते आत ओढले जातात: प्रत्येक कडेपासून एक, असे सहा पडदे मधोमध एका बिंदूत मिळतात. पडदा कमीत कमी क्षेत्रफळाकडे आकसतो, म्हणून. घनात मात्र मध्ये एक छोटा चौकोनी पडदा तयार होतो.

ओल्या काड्या फुगून ट्यूबमध्ये घट्ट बसतात. पुन्हा वापरायच्या असतील तर त्याच दिवशी काढून वाळवा. ट्यूबचे तुकडे सावलीतच ठेवा, उन्हात रबर चिरतं.