उन्हाळी परस: संक्रांतीनंतर पेरा, रोहिणीच्या आत वाळवा

खान्देशातलं ऊन परसातल्या झाडाचं जेवढं नुकसान करतं, तेवढाच वाळवणाचा फायदा. म्हणून झाड सावलीत जगवायचं आणि त्याचं फळ त्याच उन्हात वाळवायचं. सगळी चूक वेळेची होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बी टाकणाऱ्याच्या वेलांना मेअखेर किंवा जूनमध्ये फुलं लागतात आणि ती गळतात. त्यातून जी भाजी निघते ती वाळवायला घ्यावी, तोवर मृगाचे ढग येतात.

उन्हाळी भाजी संक्रांत ते महाशिवरात्र या काळात पेरा. भेंडी आणि काकडी 45 दिवसांच्या आसपास तोडणीला येतात, गवार-दोडक्याला थोडं जास्त लागतं. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये भाजी हाती येते आणि वाळवायला पुढे कोरडी हवा उरते. टमाट्याचा हिशेब वेगळा आहे. दिवसाचा पारा 35 अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली की त्याचं फूल फळ न धरताच गळतं, मग कितीही खत घाला. टमाटे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच लावा, मार्चअखेर ते संपले असं समजा. भरिताच्या हिरव्या वांग्यांचाही मोसम थंडीचाच. उन्हाळ्यात कष्टाने धरलेल्या वांग्याला ती चव येत नाही.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून दीड फूट बाय एक फुटावर लावा. गवारीला नत्र जास्त देऊ नका, पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. काळ्या जमिनीत पाण्याचा खंड पडला की भेगा पडून मुळं तुटतात, म्हणून बुंध्याभोवती तीन बोटं जाडीचं आच्छादन हवंच. केळीची वाळलेली पानं आपल्याकडे फुकट मिळतात आणि त्याहून चांगलं काही नाही. ती बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

पाणी सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी ठिबकची काळी नळी एवढी तापते की आतलं पाणी हात पोळेल असं असतं. तेव्हा नळी सुरू करावीच लागली तर पहिलं पाणी बाजूला जाऊ द्या. मे महिन्यात भेंडीच्या एका झाडाला रोज साधारण लिटर-सव्वा लिटर पाणी पुरतं. ताशी चार लिटरचा एक ड्रिपर दोन झाडांत असेल तर 35-40 मिनिटं. काकडीला एक दिवस पाणी आणि दोन दिवस खाडा असं केलं तर ती कडू होते. त्यात बियाण्याचा दोष असेलच असं नाही.

सावलीसाठी 35 टक्क्यांची जाळी सात फुटांवर बांधा, पण बाजू उघड्या ठेवा, नाहीतर मधमाशी आत येत नाही. खरी झळ पश्चिमेची असते. त्या अंगाला मक्याच्या दोन दाट ओळी पेरल्या तर जाळीचा निम्मा खर्च वाचतो. वेलांच्या मांडवाला कपाशीच्या पऱ्हाट्या चालतात, मात्र आधी बोंडं झाडून टाका, आत गुलाबी बोंडअळी दडलेली असते.

वेलाला फुलं भरपूर आणि फळ एकही नाही, ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. सुरुवातीला नर फुलंच येतात. मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ दिसतं, तेवढीच ओळख. मधमाश्या कमी असतील तर हाताने परागण करा, पण वेळ पाहून. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. सकाळी दोडक्याच्या मागे लागून काही होत नाही. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याच्या मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलका टेकवा.

फळाला बारीक छिद्र पडून ते वाकडं होतंय, आत अळ्या आहेत, तर ती फळमाशी. तशी फळं खताच्या खड्ड्यात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळं म्हणजे लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो, त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड द्या. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर औषध शोधत बसू नका, झाड उपटा. तो विषाणू पांढरी माशी पसरवते.

टरबुजाला जागा लागते, पण कोपरा असेल तर दोन वेल पुरतात. फळाजवळचा ताणा वाळला आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळा झाला की तोडा. तोडायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करा, नाहीतर फळ फुटतं.

आता वाळवण. तोडणी सकाळी, कापणी लगेच, आणि कापायच्या आधी भाजी धुऊन कोरडी पुसलेली. ओली भेंडी कापली तर बुळबुळीत होऊन कापडालाच चिकटते. भेंडीचे अर्ध्या इंचाचे तुकडे, कारल्याच्या पाव इंचाच्या चकत्या. कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवा आणि पिळून घ्या. गवार आधी शिजवायची नसते, पण खारट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा, म्हणजे रंग टिकतो. मेथी मात्र उन्हात नको, सावलीत पसरा, नाहीतर पिवळी पडून गवतासारखी लागते. गिलकं वाळवायच्या भानगडीत पडू नका. दोन-चार वेलावरच सुकू द्या, अंघोळीची घासणी होते आणि बीही मिळतं.

गच्चीवर थेट न पसरता खाटेवर धुतलेलं सुती कापड टाका, वरून जुनी मलमलची ओढणी बांधा. वाऱ्याबरोबर धूळ येते आणि माशाही येतात. जाड तुकड्यांचं वरचं कातडं चटकन आवळतं, आत ओल राहते आणि महिन्याने बुरशी दिसते. म्हणून बारीक कापा आणि दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी आत आणा. मेच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. भेंडी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे, वाकून राहिली तर अजून एक दिवस. किलोभर भेंडीचे साधारण शंभर ग्रॅम होतात, घाबरू नका.

वाळलेली भाजी लगेच डब्यात बंद करू नका. आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवा, रोज हलवा. बरणीच्या आतून ओल दिसली तर परत उन्हात. हीच पायरी बहुतेक जण गाळतात आणि श्रावणात डबा उघडून वास घेतात.

कैरीला दोन वाटा आहेत. आमचूरसाठी कोय न धरलेली, आंबट कैरी सोलून पातळ चकत्या करा, स्टीलच्या सुरीने. लोखंडाने काळ्या पडतात. चार दिवस वाळवून दळा. लोणच्याला कोय धरलेली घट्ट कैरी हवी. एक किलो फोडींना 180 ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून रात्रभर ठेवा, खार निथळून वेगळा ठेवा, फोडी सावलीत दोन-तीन तास कोरड्या करा. मग 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ग्रॅम तिखट, 15 ग्रॅम भाजून कुटलेली मेथी, 10 ग्रॅम हिंग, आणि कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं शेंगदाण्याचं तेल 400 मिली. खार वरून घाला. फोडी तेलाखाली बुडलेल्या असल्या पाहिजेत, उघड्या फोडीवरच बुरशी धरते. मीठ 150 ग्रॅमच्या खाली आणू नका.

लाल मिरची नंदुरबारच्या पथाऱ्यांवर जशी पातळ थरात पसरतात, तशीच घरी पसरा, ढीग करू नका. बुरशी आलेली मिरची वेचून फेकून द्या, धुऊन वापरू नका.

भाज्या मिठाच्या पाण्यात उकळून काचेच्या बाटलीत बंद करायची पद्धत मात्र घरी करू नका. भेंडी-गवारीत आंबटपणा नसतो आणि साध्या उकळीने बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) बीजाणू मरत नाहीत. लसूण तेलात बुडवून महिनाभर बाहेर ठेवण्याचं तसंच.

पावसाळ्यात गवार अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, मग लसूण, तिखट आणि दाण्याचं कूट घालून परता. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत पोटभर लागायला मूठभर पुरते.