1936 च्या पाहणीत घर ‘दाटीचे’ कसे ठरले, हे तपासण्याची रीत

1935 च्या गृहनिर्माण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक संस्थांवर आपापल्या हद्दीतील कामगारवर्गाच्या घरांची पाहणी करण्याचे बंधन घातले. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सुमारे 89 लाख घरे पाहण्यात आली आणि त्यांपैकी 3.8 टक्के दाटीची ठरली. हा आकडा कुठे वापरण्यापूर्वी निदान एका घराचा हिशेब स्वतः करून पाहावा, कारण दाटी कशाला म्हणायचे हे कायद्याने ठरवले होते आणि ते माप माझ्या मते फारच सैल होते.

प्रथम खोल्या मोजाव्यात. निजण्याच्या खोल्यांबरोबर बैठकीची खोलीही धरावी. धुण्याभांड्यांची मागची खोली आणि 50 चौरस फुटांहून लहान खोली सोडून द्यावी. एका खोलीला 2, दोनला 3, तीनला 5, चारला साडेसात आणि पाचला 10 माणसांची मुभा होती. त्यानंतर हाच हिशेब क्षेत्रफळाने करावा: 110 चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या खोलीला 2, 90 ते 110 असल्यास दीड, 70 ते 90 असल्यास 1 आणि 50 ते 70 असल्यास अर्धा. दोन्ही उत्तरांपैकी जे कमी, ती त्या घराची अनुज्ञेय संख्या; माणसे तिच्याहून जास्त झाली, की घर दाटीचे. ही संख्या भाडेकरूच्या भाडेवहीत नोंदवण्याची सक्ती होती. तेव्हा अशी वही हाती आली, तर आपला हिशेब तिच्याशी ताडून पाहावा.

माणसे मोजताना एक वर्षाखालील मूल धरायचे नाही आणि एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे धरायचे. समजा, 140, 120 आणि 65 चौरस फुटांच्या तीन खोल्यांत आईवडील, तेरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांचे मूल आणि आठ महिन्यांचे तान्हे राहते. खोल्यांच्या हिशेबाने मुभा 5, क्षेत्रफळाने साडेचार; कुटुंबाची बेरीजही बरोबर साडेचार. दुसरी कसोटी अशी, की पतीपत्नी नसलेल्या, दहा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीपुरुषांना एकाच खोलीत निजणे भाग पडू नये. येथे मुलगा बैठकीच्या खोलीत निजू शकतो, मग तो प्रत्यक्षात कुठे का निजेना. म्हणजे सहा जीवांचे हे घर कागदोपत्री दाटीचे नाही. तान्हे वर्षाचे होताच मात्र बेरीज पाचावर जाते आणि तेच घर दाटीचे ठरते.

राष्ट्रीय सरासरीवर विसंबण्यापेक्षा गावागणिक आकडे पाहावेत. इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलंड शहरात सुमारे एक पंचमांश घरे या सैल मापानेही दाटीची निघाली. पाहणीनंतर दाटीची घरे कमी झाली की वाढली, हे त्या त्या नगराच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालांत शोधावे; त्यांत दाटीची घरे, त्यांतील कुटुंबे आणि माणसे यांचे आकडे सापडतात.

1931 च्या जनगणनेतील दर खोलीमागच्या माणसांचे आकडे या पाहणीच्या शेजारी मांडून दाटी कमी झाली असे म्हणू नये. जनगणनेत तान्हे मूलही पुरते एक माणूस धरले जाई. स्कॉटलंडसाठी कायदा आणि पाहणी दोन्ही स्वतंत्र होती, त्यामुळे तिथले आकडे वेगळेच ठेवावेत.