एकांकिका न ताणता दोन अंकी नाटक कसं लिहावं: एम.ए. नाट्यच्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्यात एम.ए.ला नाट्यलेखन करायला येणारे बरेचसे करंडकांतून, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धांतून आलेले असतात. कॉलेजची वर्षं पुरुषोत्तम आणि फिरोदियाच्या तालमींत गेलेली, भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा बसवून घेतलेला, नावावर एखादी गाजलेली एकांकिका. मग विद्यापीठात पूर्ण लांबीचं नाटक लिहायची वेळ येते आणि हात आखडतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही त्यांनी आधी एक एकांकिका लिहावी, ती दुसऱ्या कुणीतरी बसवलेली पाहावी आणि मग इकडे वळावं.

प्रवेश

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचं माहितीपत्रक नीट वाचा, अर्ज भरा, मुलाखतीला स्वतःचं लेखन घेऊन जा. आधीची पदवी नाट्यशास्त्राची नाही म्हणून घाबरू नका. 1996 ते 2009 या काळात हे केंद्र सांभाळणारे नाटककार सतीश आळेकर स्वतः जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी. आहेत.

‘नाटक लिहायला शिकवता येतं का?’ हा प्रश्न घरी आणि कट्ट्यावर हमखास विचारला जाईल. वादात पडू नका. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नाट्यलेखनाचा वर्ग घेत होते आणि 1914मध्ये नाटककार युजीन ओनील त्या वर्गात बसले होते. हार्वर्डला मात्र या विषयाची पदवी द्यायची नव्हती, म्हणून 1925मध्ये बेकर येलला गेले. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. तो सोडवण्यात तुमचं सत्र घालवू नका.

पहिलं सत्र

लिहू नका, काम करा. प्रकाशयोजना, नेपथ्य, बॅकस्टेज, जे समोर येईल ते. पात्राला कपडे बदलायला किती वेळ लागतो हे विंगेत उभं राहिल्यावरच कळतं.

विषय

करंडकासाठी जमवलेली एकांकिका घेऊन ‘हिचंच दोन अंकी करतो’ असं ठरवणार असाल, तर इथे थांबून वाचा. मी याच ठिकाणी सगळ्यात जास्त अडकलो होतो आणि आता वाचनांना बसतो तेव्हा बाकीचेही इथेच अडकलेले दिसतात.

अशा वेळी मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. दोन पात्रं वाढव. एक उपकथानक घाल. फ्लॅशबॅक टाक. मध्ये एक गाणं येऊ दे. यातला एकही सल्ला ऐकू नका. याने पानं वाढतात, नाटक वाढत नाही. एकांकिका बहुतेक वेळा एका लपवलेल्या गोष्टीवर उभी असते. चाळीस मिनिटं ती झाकायची, शेवटी उघडायची, ब्लॅकआउट, टाळ्या. तेच गुपित दोन तास झाकून ठेवलंत तर मध्यंतरात बटाटेवडा खाता खाताच लोक ते ओळखतात आणि दुसरा अंक आपला अंदाज बरोबर आला का एवढं बघायला बसतात.

उपाय सोपा आहे, पण करवत नाही. एकांकिकेचा शेवट उचला आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ठेवा. गुपित मध्यंतराआधीच उघडं करा. आता सगळ्यांना सगळं कळलंय. ही माणसं पुढे काय करतील, हा तुमचा दुसरा अंक.

एक उदाहरण घेऊ. सदाशिव पेठेतला वाडा पाडून इमारत होणार आहे. तिन्ही मुलं जमली आहेत, ‘आई, सही करायची नाही’ म्हणून भांडताहेत. शेवटी कळतं की आईने महिन्यापूर्वीच सही केली आहे. एकांकिका म्हणून हे उत्तम आहे, बक्षीसही मिळेल. दोन अंकी करायचं तर मध्यंतर त्या सहीवर येऊ द्या. इमारत होईपर्यंत आई राहणार कुठे, हा प्रश्न दुसऱ्या अंकात पडदा उघडताच उभा आहे. वाडा वाचवा म्हणून ओरडणाऱ्या प्रत्येकाला आता ती आपल्या घरी का नको हे तिच्यासमोर, तिच्याच खोलीत सांगायचंय. मोठ्या मुलाने बिल्डरकडून आधीच काही रक्कम उचलली असेल, तर तेही इथे बाहेर पडेल. आणि आईने सही का केली, याचं खरं कारण प्रेक्षकाने मध्यंतरात धरलेल्या कारणापेक्षा वेगळं निघायला हवं. इतकं सापडलं तर दुसरा अंक आहे.

नाही सापडलं तर तो विषय एकांकिकेचाच आहे. त्याला तसाच राहू द्या आणि दुसरा विषय घ्या. मार्गदर्शकांना हे सांगायला लाज वाटते म्हणून अर्धं वर्ष मेलेल्या विषयावर घालवणारे बरेच पाहिलेत.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा पहिला अंक याच नजरेने पुन्हा वाचा. कंटाळलेल्या मंडळींचा खेळ म्हणून खटला सुरू होतो आणि भ्रूणहत्येचा आरोप येतो तो पहिल्या अंकाच्या शेवटी. लेखकाने तो शेवटपर्यंत राखून ठेवलेला नाही. पुढचे दोन अंक त्या आरोपावरच चालतात.

ब्लॅकआउटची सवय

करंडकातून लागलेली दुसरी खोड म्हणजे अडचण आली की काळोख करायचा. संवाद संपले, ब्लॅकआउट. पात्राला बाहेर पाठवायला कारण नाही, ब्लॅकआउट. हा आजार लिखाणातला आहे, प्रकाशयोजनेत त्याला औषध नाही.

पहिल्या खर्ड्यात एक प्रवेश असा लिहा की सलग वीस मिनिटं काळोख नाही, फोन वाजत नाही, दारावरची बेल वाजत नाही आणि कुणी ‘चहा टाकते’ म्हणून आत जात नाही. चहा टाकायला जाणाऱ्या बायकांनी मराठी नाटकाच्या लेखकांचे जितके प्रश्न सोडवलेत तितके कुणीच सोडवले नसतील. प्रत्येक माणूस त्या खोलीत का थांबलाय, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. ‘भांडण चालू आहे म्हणून’ हे उत्तर नव्हे. नको असलेलं भांडण सोडून माणूस सरळ निघून जातो. त्याला जाता येत नाही असं काहीतरी तिथे हवं: किल्ली, कागद, पैसे, आजारी माणूस.

वाचन

पहिला खर्डा झाला की वाचन ठेवा, पण कॅफेत नाही. विभागातली रिकामी खोली किंवा कुणाचा तरी फ्लॅट चालेल. ऐकायला सहा-सात माणसं, त्यातली निदान दोन नाटक न करणारी.

लेखकाने स्वतः वाचायचं नाही. तुम्ही वाचलंत तर जिथे वाक्य पडतं तिथे तुमचा आवाज ते उचलून धरतो आणि दोष झाकला जातो. पात्रं वाटून द्या आणि अभिनय नको म्हणून बजावा. रंगसूचना एका वेगळ्या माणसाने वाचाव्यात. त्या किती फुगल्यात हे मग आपोआप ऐकू येतं. तुम्ही कोपऱ्यात पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसा. वाचणारा कुठे अडखळला, ऐकणाऱ्याचा हात मोबाइलकडे कुठे गेला, नको तिथे कोण हसलं, एवढ्याच खुणा करा. दोन्ही अंकांची वेळ वेगवेगळी लिहा. पहिला अंक सव्वा तास आणि दुसरा पस्तीस मिनिटं भरला, तर एकांकिका ताणली आहे हे समजा. बहुतेकांचं असंच भरतं.

संपल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. हे पुणं आहे. ‘चांगलंय, पण...’ने सुरुवात होईल आणि बोलणारा त्याचंच नाटक तुम्हाला ऐकवेल. त्याऐवजी नाटक न करणाऱ्यांपैकी एकाला म्हणा, गोष्ट सांग. तो जे गाळतो ते नाटकात पोचलेलं नाही. तो जे चुकीचं सांगतो ते नीट लिहिलेलं नाही. कितीही जीव तळमळला तरी ‘अहो, ते असं आहे की...’ म्हणत मध्ये पडायचं नाही.

सर-मॅडमच्या सूचनांनाही हाच नियम. ‘धाकट्याचं पात्र काढून टाक’ असं सर म्हणाले, तर धाकटा बोलतो त्या पानांवर काहीतरी सडलंय इतकंच घ्या. जागा त्यांची बहुधा बरोबर असते. उपाय तुमचा तुम्ही शोधा, कारण सरांनी सुचवलेला उपाय हा त्यांच्या नाटकाचा असतो.

दुसरा खर्डा

जुन्या फाइलमध्ये दुरुस्त्या करत बसू नका. छापील प्रत शेजारी ठेवा, नवी फाइल उघडा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करा. जी वाक्यं टाइप करायचा कंटाळा येतो ती ऐकणाऱ्यालाही कंटाळवाणी असतात. टाळीची वाक्यं हातातून आपोआप पुन्हा उतरतील, त्यांच्यावर लक्ष ठेवा. पात्राला त्या क्षणी ते सुचलं असतं का, एवढं विचारा आणि नसेल तर कापा. यात महिना जातो. जाऊ द्या.

नंतर पुन्हा वाचन, शक्यतो नव्या माणसांसमोर.

शेवटची कामं

युनिकोडमध्ये टाइप करा, पानांना क्रमांक घाला, पात्रपरिचय अर्ध्या पानाच्या वर नको. विभागाबाहेर तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर संहिता प्रयोगाची परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेवर पाठवा, नाट्यगृहाची तारीख मिळाल्यावर धावपळ नको. आणि तालमी सुरू झाल्यावर दिग्दर्शकाने बोलावल्याशिवाय रोज तिथे जाऊन बसू नका.