'अँटिगनी'तला सद्सद्विवेक आणि राजाज्ञा: वाचायचं कसं?

ग्रीक नाटककार सॉफोक्लीसचं 'अँटिगनी' (इ. स. पू. 441च्या सुमाराचं) ज्या अनुवादात मूळ ग्रीक ओळींचे आकडे समासात दिलेत, त्यातूनच वाचा. झाँ अनुईचं 1944चं फ्रेंच 'अँटिगनी' हे वेगळं नाटक आहे. त्यातले युक्तिवाद इथे मिसळू नका.

पहिल्या वाचनात थीब्ज या ग्रीक शहराचा राजा क्रेऑन याची बाजू घ्या, ओळी 162 ते 210. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस आपल्याच थीब्जवर परकी फौज घेऊन चालून आला आणि मेला, म्हणून त्याला पुरायचं नाही असा क्रेऑनचा हुकूम आहे; अँटिगनी तो मोडून भावाला माती देते. अथेन्समध्येही देशद्रोह्याला ॲटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, मातीत पुरायला बंदी होती, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना हा हुकूम अगदीच अनोळखी नव्हता. पण सीमेबाहेर पुरायला आडकाठी नसे. क्रेऑन प्रेत कुत्र्या-गिधाडांपुढे उघडं टाकतो, आणि त्याचं चुकतं ते इथे. त्याची ही बाजू न पाहता वाचलं की तो नुसता खलनायक उरतो आणि झगडा फुसका होतो.

मग ओळी 450 ते 470 आणि 904 ते 920 शेजारी ठेवा. पहिल्या उताऱ्यात अँटिगनी देवांच्या अलिखित, कायमच्या नियमांचा आधार घेते. दुसऱ्यात म्हणते, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. आईवडील गेले, आता दुसरा भाऊ होणं नाही. हा उतारा प्रक्षिप्त (मागून कुणी घुसडलेला) ठरावा असं जर्मन कवी ग्यॉटेला वाटे, पण ॲरिस्टॉटलने तो उद्धृत केला आहे. तो गाळू नका. तिचा विवेक तत्त्वावर उभा आहे की एका माणसावर, हा प्रश्न इथेच उभा राहतो, आणि नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे.

'विवेक विरुद्ध कायदा' अशी दोनच रकान्यांची मांडणी केलीत, तर क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर हायमॉन कुठेच बसत नाही. ओळ 737मध्ये तो बापाला सुनावतो की एका माणसाचं असतं ते शहरच नव्हे. म्हणून लोकमताचा तिसरा रकाना ठेवा. त्यात शिक्षेतला बदल नोंदवा: ओळ 36मध्ये जाहीर दगडांनी ठेचून मारणं, 773 ते 776मध्ये थोडं अन्न देऊन गुहेत कोंडणं. दगड मारायला लोक लागतात. गुहा बंद करायला चार नोकर पुरतात.

शेवटी 1100-1101 पाहा. क्रेऑनला थीब्जच्या वृद्धांचा सल्ला असा: आधी अँटिगनीला सोडवा, मग प्रेत पुरा. क्रेऑन ते उलट क्रमाने करतो, हे 1196पासून दूताच्या तोंडी येतं. तो गुहेशी पोचतो तेव्हा तिने गळफास घेतलेला असतो.