आपल्या माणसाच्या उपचारांची बाजू कशी लावून धरावी

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री अकराच्या सुमारास सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या. दुखणं थांबावं म्हणून डायक्लोफेनॅक लिहून दिलेलं होतं. आईची किडनी कैक वर्षांपासून कमजोर, आणि या जातीची वेदनाशामकं तिला अजिबात चालणार नाहीत, असं किडनीच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. पण ते बजावणं होतं जुन्या फाइलमध्ये, फाइल होती पिशवीत आणि पिशवी कॉटखाली. हाडांच्या वॉर्डातल्या केसपेपरवर त्यातलं काहीच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "सिस्टर, दोन मिनिटं थांबता का? हिला किडनीचा त्रास आहे. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या ना." त्यांनी ट्रे खाली ठेवला, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि औषध बदललं.

त्या रात्री कुणी निष्काळजी होतं असं मला आजही वाटत नाही. हाडांचे डॉक्टर हाड बघत होते, सिस्टर चौदा पेशंट सांभाळत होत्या. आजारी माणूस अख्खा दिसतो तो फक्त घरच्यांना. म्हणून बोलायचं काम आपलं. ते कसं करायचं, हे आम्ही अडखळत शिकलो.

१. बोलणारा एकच ठरवा

पहिल्या दोन दिवसांत दादा, मामा आणि मावशी यांनी डॉक्टरांना वेगवेगळं गाठलं आणि घरात तीन वेगवेगळ्या बातम्या आल्या. मग ठरवलं, डॉक्टरांशी मी बोलणार, बाकीच्यांना संध्याकाळी मी सांगणार. डॉक्टरांनाही तसं सांगून टाकलं. पैशांची आणि कागदांची धावपळ दादाकडे.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. माणूस शुद्धीवर आहे तोवर निर्णय त्याचा. "तिला काही सांगू नका" असं म्हणत व्हरांड्यात कुजबुजणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसं करतात, पण पलंगावरच्या माणसाला सगळं कळत असतं आणि तो आणखी एकटा पडतो.

२. एक कागद आणि एक वही

कागदावर सगळ्यात वर, लाल पेननं, काय चालत नाही ते: ॲलर्जी, टाळायची औषधं. खाली जुने आजार, चालू गोळ्या (नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता) आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर. आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही लिहा, लपवू नका. पाच झेरॉक्स काढा. एक केसपेपरला लावायला सांगा, एक उशाशी ठेवा. आईचा कागद त्या रात्रीनंतर झाला. दाखल करतानाच हवा होता.

वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. ताप किती, लघवी किती झाली, दोन घास गेले की नाही. रात्री सोबतीला बसणारा बदलला की वही त्याच्या हातात द्यायची.

३. राउंडच्या आधी तयार राहा

मोठे डॉक्टर पलंगापाशी जेमतेम पाच मिनिटं असतात. राउंड किती वाजता होतो ते सिस्टरना विचारून ठेवा आणि तीनच प्रश्न लिहून उभे राहा. आमचे ठरलेले प्रश्न असे: हे कशासाठी करतोय? नाही केलं तर काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का? उत्तर मिळालं की आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, "म्हणजे डॉक्टर, उद्या क्रिएटिनिन वाढलं नाही तरच स्कॅन, बरोबर?" (क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी.) निम्मे गैरसमज तिथंच मिटतात.

माणसात झालेला बदल सगळ्यात आधी घरच्यांच्या लक्षात येतो. "आज जरा बरं दिसत नाही" एवढ्यानं काम होत नाही. "सकाळी मला नावानं हाक मारली, दुपारपासून ओळखत नाहीये" असं नेमकं सांगा. सिस्टरनंतर इन्चार्ज सिस्टर, मग ड्यूटी डॉक्टर किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग मुख्य डॉक्टर, शेवटी वैद्यकीय अधीक्षक, ही पायरी धरून वर जा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. आवाज मात्र चढवू नका. रुग्णालयात हिंसा केली, तोडफोड केली तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं तो अजामीनपात्र गुन्हा होतो. आणि त्या गोंधळात पेशंटकडे बघायला कुणी उरत नाही, हे त्याहून वाईट.

४. सही करण्याआधी

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मराठीत समजावून मागा. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. जीव वाचवण्याची घाई असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तिथं वेळ दवडू नका.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणजे पहिल्यांचा अपमान, हा संकोच सोडा. त्यासाठी कागद लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

५. पैशांचं पहिल्याच दिवशी विचारा

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी तिथं जा. योजनेत ठरलेल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. बाहेर पाटीवर ट्रस्टचं नाव असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना बेधडक विचारा. ही मागायला लाज वाटावी अशी गोष्ट नाही.

विमा कॅशलेस असेल तर २०२४ पासूनच्या नियमांनुसार कंपनीनं मंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. वहीत वेळ टिपून ठेवली असेल तर भांडायला आधार मिळतो.

६. घरी नेताना

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन एकेक ओळ विचारा. जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद, कुठल्या चालू? एकच औषध दोन वेगळ्या नावांनी तर लिहिलेलं नाही ना? काय झालं तर लगेच परत आणायचं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

७. आणि जे कुणीच विचारत नाही ते

आजार बरा होणारा नसेल तर व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न आयसीयूच्या दारात उभं राहून सोडवता येत नाही. आईला मी घरी आल्यावर, गवार मोडता मोडता विचारलं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "नळ्या लावून ठेवू नका. दुखू देऊ नका, आणि घरी आणा." ते तिनंच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

कायद्याला तेवढं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही एवढं लागतं. पुढच्या महिन्यात वॉकर टेकवत आई नोटरीच्या कचेरीत गेली. सही करण्याआधी तिनं चष्मा लावून दोन्ही पानं पहिल्या ओळीपासून वाचली आणि एका शब्दाचा अर्थ विचारला.